आमच्या कपाटातील झुंजार

नेरूळास आमच्या घराजवळच्या उद्यानात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्येष्ठ मंडळींचा एक वाचनकट्टा भरतो. प्रत्येकाने आपणांस आवडलेले एक पुस्तक आणावे, त्यातील चार पाने वाचून दाखवावी आणि ते का आवडले हे थोडक्यात सांगावे, असा तेथील शिरस्ता आहे. ‘थोडक्यात’ ही अट कोणीच पाळीत नाही, हे निवृत्त माणसांच्या सभेविषयी निराळे सांगावयास नको. आजवर तेथे ‘ययाति’ तीनदा झाली, ‘श्यामची आई’ दोनदा झाली, आणि ज्ञानेश्वरीवरील निरूपणांची तर गणतीच नाही. आम्ही पडलो संस्कृत शिकलेले, तशात मास्तर. तेव्हा आमच्याकडून कालिदासाची अपेक्षा असते, आणि दोन वर्षे आम्हीही ती इमानाने पुरवीत आलो. गेल्या महिन्यात मात्र आम्ही पिशवीतून बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा बाहेर काढली. तिला मुखपृष्ठ नाही, पहिली चार पाने नाहीत, त्यामुळे नावही नाही. मंडळींनी आमच्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, जणू आम्ही देवघरात विडीच पेटविली!

हे पुस्तक आमच्याकडे कसे आले ते पुढे सांगावयाचेच आहे. परंतु आमच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांस अर्नाळकर हे नावच ठाऊक नसेल, म्हणून त्यांच्यासाठी प्रथम थोडे सांगतो. बाबूरावांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906 सालचा, मृत्यू 1996 सालचा. वसईच्या बाजूस समुद्रकाठी अर्नाळा म्हणून गाव आहे, समोर पाण्यात त्याच नावाचा किल्ला आहे. त्या गावावरून ते अर्नाळकर झाले. मुंबईत त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. हे गृहस्थ दिवसा लोकांना चष्मे देत आणि त्याच लोकांचे डोळे रात्री आपल्या पुस्तकांनी शिणवीत, असा विनोद आमच्या लहानपणी मोठी माणसे करीत असत. अर्धशतकभरात त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्याबद्दल गिनीजच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली. हजार भागिले पन्नास म्हणजे वर्षाला वीस. महिन्याला दीड पुस्तकाहून जास्त, तेही हाताने लिहून! ज्यांनी आयुष्यात एखादा निबंध तरी तडीस नेला आहे त्यांनाच ह्या आकड्याचे वजन कळेल. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू ही त्यांची मानसपुत्रांची फौज घरोघरी अशी परिचित होती की, पुष्कळांना आपल्या नगरपालिकेच्या अध्यक्षांचे नाव सांगता येत नसे, पण झुंजारच्या बायकोचे नाव विजया हे पाठ असे.

विलायती कथांची बीजे उचलून ती गिरगावात पेरली, असा आक्षेप टीकाकार त्यांच्यावर घेत. तो सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बीज परके असले तरी माती आणि पाणी येथलेच होते. आणि पीक कापून नेणारे हात तर लाखो मराठी वाचकांचे होते. त्यांच्या आधी गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना असाच मराठी पोशाख चढविला होता. शास्त्री ह्या पदवीमुळे त्यांस कोणी फारसे बोलले नाही, एवढाच काय तो भेद!

आमचे बालपण वाईस गेले. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तेही मास्तरच. रोज पहाटे कृष्णेवर स्नान, त्यानंतर आमची रूपावली आणि अमरकोश, मग शाळा, आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर काव्यनाटकांचा पाठ, असा आमचा दिनक्रम. त्या दिनक्रमात एकच फट होती. मोटारस्टँडाजवळ एका खोलीत पुस्तके भाड्याने देणारी एक लायब्ररी होती. दोन रुपये अनामत ठेवावी आणि रोजचे दहा पैसे भाडे द्यावे. महिन्याच्या आरंभी मुंबईहून नव्या पुस्तकांचे पुडके एस. टी. ने येई. ते सोडण्यापूर्वीच दाराशी दहाबारा जण उभे असत. त्यांत शाळकरी मुले असत, बाजारातील गुमास्ते असत, एक कंपाउंडर असे, आणि आपण दुसऱ्या कोणासाठी तरी आलो आहो असे भासविणारे एक वकीलही असत. नव्या पुस्तकाचे प्रकाशन म्हणा, वाचकमेळावा म्हणा, आमच्या वेळी तो असा सुतळीची गाठ सुटेपर्यंतचा. लेखकाचा चेहरा आम्हांपैकी कोणीही पाहिलेला नव्हता. आज वाशीच्या साहित्य मंदिरात पुस्तक प्रकाशित होते, लेखक स्वतः बोलतो, वाचक रांगेने उभे राहून स्वाक्षरी घेतात. हे सर्व चांगलेच आहे. परंतु त्या पुडक्याभोवतीची ती धडधड आम्हांस पुन्हा कोठे आढळली नाही.

त्या लायब्ररीची दोन दुःखे होती. एखादा दुष्ट वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवी. दुसरा त्याहून दुष्ट, तो शेवटचे पानच फाडून नेई. ह्या दोघांना पुराणांत कोणता नरक सांगितला आहे, हे अण्णांना विचारण्याचे आमच्या मनात फार होते. पण विचारणार कसे?

1972 साली आम्ही चौदा वर्षांचे असता अण्णा आम्हांस मुद्राराक्षस शिकवीत होते. त्या पोथीच्या आडोशाला झुंजार ठेवून वाचण्याची युक्ती आम्हांस साधली होती. एके रात्री ती उघडकीस आली. अण्णांनी मारले नाही. पुस्तक बोटांच्या चिमटीत धरून बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेविले आणि परत येऊन हात धुतले. ते हात धुणे आम्हांस छडीपेक्षा जास्त लागले.

मौज अशी की, पाठ पुढे चालू झाला तो पहिल्या अंकाचा. चाणक्याचा हेर यमपट दाखवीत, गाणी म्हणत चंदनदासाच्या घरात शिरतो; एक मूल दाराबाहेर धावते, त्याला मागे ओढताना एका स्त्रीच्या बोटातील पुरुषी मापाची अंगठी निसटते आणि घरंगळत हेराच्या पायाशी येऊन थांबते. ती अंगठी राक्षसाची! तिच्या छापाने पुढे बनावट पत्र तयार होते आणि एका अंगठीवर सात अंकांचे राजकारण फिरते. वाचकहो, ह्यात झुंजारच्या कथेहून निराळे काय आहे? मृच्छकटिकातला शर्विलक तर ब्राह्मण असून घरफोडी करतो, आणि मापाची दोरी विसरल्यामुळे गळ्यातील जानव्याने भिंतीचे भगदाड मोजतो. हे आम्ही पुढे अनेक वर्षांनी अण्णांना धीर करून म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “शर्विलकाची भाषा पाहा आणि तुझ्या त्या झुंजाराची पाहा.” भाषेच्या मुद्द्यावर त्यांचे खरे होते, हे आम्ही आजही मान्य करतो. पण त्या हात धुण्याचे मात्र खरे नव्हते.

आता मुख्य गोष्ट. 1974 साली आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली, आणि काही वर्षांनी नव्या मुंबईत एका प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागलो. सिडकोने खाडीपलीकडे वसविलेले हे शहर तेव्हा अर्धे बांधलेले आणि अर्धे चिखलात होते. मुंबईतील कांदाबटाट्याचा घाऊक बाजार इकडे आला होता, आणि त्याच्यामागोमाग माथाडी कामगारांची कुटुंबे आली होती. त्यांपैकी पुष्कळजण आमच्याच सातारा जिल्ह्यातील, जावळी-पाटणकडचे. त्यांतल्या एकाचा मुलगा आमच्या सातवीच्या वर्गात होता. अभ्यासात मंद, वाचावयास उभा केला म्हणजे एकेका अक्षरावर अडखळणारा. दोन वर्षे आम्ही त्याला वाचन शिकवीत होतो, आणि हा मुलगा कधी वाचणार नाही अशी आमची खात्री झाली होती.

1988 सालच्या पावसाळ्यात, भूगोलाच्या तासाला, त्याच्या मांडीवर आम्हांस हेच पुस्तक सापडले. आम्ही ते घेतले, वर्गाला दहा मिनिटे सद्ग्रंथांविषयी उपदेश केला आणि पुस्तक कपाटात कुलूप घालून ठेविले. येथवर आम्ही अण्णांचेच चिरंजीव. पण शाळा सुटल्यावर आम्ही ते पुस्तक घरी नेले आणि रात्री एक वाजेपर्यंत बसून अथपासून इतिपर्यंत वाचले. सकाळी परत आणून कपाटात ठेविले. अण्णांनी निदान हात तरी धुतले होते!

दोन दिवसांनी त्या मुलाचा बाप शाळेत आला. बाजारातून थेट आला होता; खांद्यावर गोणपाटाची धूळ, पायांत चपला नाहीत, दाराशीच उभा. आम्हांस वाटले, लायब्ररीची अनामत बुडेल म्हणून भांडावयास आला असेल, आणि आम्ही उत्तर तयार ठेविले. पण तो हात जोडून म्हणाला, “मास्तर, बुक ठिवा तुमच्याकडं. पोराची चूकच हाय. पर त्यो रोज रातच्याला मला वाचून दावतो. आवाज काढून वाचतो, येकेकाचा येगळा. मला काय अक्षर येत न्हाई. अर्धं झालं आन् बुक गेलं. तवा त्या वाड्यात खून कुणी केला, एवढं सांगा, म्हंजे झालं.”

आम्हांस ते नाव ठाऊक होते. चोवीस तासही झाले नव्हते तोवर ते आमच्या जिभेवर ताजे होते, असे म्हणण्याइतके दोनच दिवस लोटले होते. शेजारी आमचे दोन सहकारी बसले होते. आम्ही म्हणालो, “आम्ही असली पुस्तके वाचत नाही.”

तो “बरं” म्हणाला, पुन्हा हात जोडले आणि गेला.

जो मुलगा आमच्यासमोर क्रमिक पुस्तकातील एक ओळ सरळ वाचू शकत नव्हता, तो रोज रात्री एका खोलीत, बहुधा मिणमिणत्या दिव्याखाली, निरनिराळे आवाज काढून बापाला कथा वाचून दाखवीत होता. दोन वर्षांत आम्हांस जे साधले नाही ते ह्या कागदाच्या हलक्या पुस्तकाने केले होते. आणि ते साधन आम्ही कुलुपात घातले होते. हा विचार आमच्या मनात त्याच वेळी आला असता तर बरे झाले असते. तो आला रात्री. सत्र संपताना पुस्तक परत द्यावे, तेव्हाच सहज गोष्टही काढावी, असे आम्ही ठरविले. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा मुलगा आला नाही. घरी काही अडचण निघाली आणि कुटुंब गावी गेले, एवढेच कळले. पुस्तक आमच्याकडे राहिले, ते आजतागायत आहे. बदल्यांच्या वेळी आम्ही पुष्कळ पुस्तके वाटून टाकली. हे कोणाला द्यावेसे वाटले नाही.

पुढे रहस्यकथेचे दिवसही पालटले. सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद आणि फिरोज इराणी ह्यांनी आमच्या विद्यार्थ्यांची एक पिढी जागविली. शिरवळकर 2003 साली गेले. गोमंतकीय गुरुनाथ नाईकांनी तर संख्येत अर्नाळकरांचीच बरोबरी केली. तेही 2021 साली गेले. नारायण धारपांच्या भयकथेची छाया 2018 साली ‘तुंबाड’ चित्रपटात पडद्यावर आली, तेव्हा आमच्या मुलाने आम्हांस मोठ्या आग्रहाने तो पाहावयास नेले आणि घरी येताना विचारले, “बाबा, तुम्हांला धारप माहीत आहेत?” आम्ही नुसते हसलो. अर्नाळकरांच्या निवडक कथा नव्या देखण्या छपाईने पुन्हा निघाल्या आहेत. आमची सूनबाई स्वयंपाक करताना कानांत यंत्र घालून रहस्यकथा ऐकते, आणि खुनी सापडण्याची वेळ आली की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडते. ह्याबद्दल घरात कोणी हात धुवीत नाही.

तर गेल्या महिन्यात हेच पुस्तक घेऊन आम्ही वाचनकट्ट्यावर गेलो. त्यात एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. तो आम्ही दुमडलेला नाही, आणि इतक्या वर्षांत सरळही केलेला नाही. आम्ही तेथून वाचावयास आरंभ केला. चार पानांची मर्यादा होती, पण चार पाने झाल्यावर कोणी थांबविले नाही. आठ झाली, बारा झाली. ज्ञानेश्वरीवर बोलणारे आमचे एक स्नेही, जे प्रथम तोंड फिरवून बसले होते, ते बाक सोडून जवळ येऊन बसले. फिरावयास निघालेली दोनचार अनोळखी माणसेही उभी राहिली. आम्ही प्रत्येकाचा आवाज वेगळा काढण्याचा यत्न केला; तो आम्हांस फारसा जमला नाही. दिवे लागण्याच्या सुमारास शेवटचे पान आले. ते सुदैवाने कोणी फाडलेले नव्हते. आम्ही खुन्याचे नाव जरा मोठ्यानेच वाचले.

मंडळी उठू लागली. ज्ञानेश्वरीवाले स्नेही मागे राहिले आणि संकोचून म्हणाले, “मास्तर, आरंभाचा भाग राहिलाच की. आठवडाभर वाचावयास द्याल का?”

पुस्तक आमचे नाही, असे सांगून आम्ही ते पिशवीत घातले.