तंजावरचा सरस्वती महाल आणि आमचे ग्रंथपाल

दक्षिणेच्या यात्रेस जाणारे आपल्याकडील बहुतेक लोक तंजावरास उतरतात ते बृहदीश्वराच्या दर्शनासाठीं. राजराज चोळानें बांधविलेलें व इ. स. १०१० मध्यें पूर्ण झालेलें तें देवालय अप्रतिम आहे यांत शंका नाहीं; आणि त्याच्याच भिंतीवर सरफोजी राजांनीं १८०३ सालीं कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास पाहून महाराष्ट्रीय मनुष्याचा ऊर भरून येतो, हेंहि खरें. तथापि जुन्या राजवाड्यांतील सरस्वती महाल न पाहतां परतणें म्हणजे गाभाऱ्यापर्यंत जाऊन देव न पाहतां फिरण्यासारखें होय.

मीं हा महाल गेल्या माघांत पाहिला. पण तो पाहण्याची दृष्टि मला दिली ती आमच्या गांवच्या ग्रंथालयांतील एका दिवंगत सहकाऱ्यानें. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी दुपारीं तेथें संस्कृत पोथ्यांची यादी करावयास बसूं लागलों, आणि आठ वर्षें आम्हां उभयतांचा सहवास घडला. ते पेशानें ग्रंथपाल, परंतु वृत्तीनें कलावंत. गळा बेताचाच, हें ते स्वतःच हंसून सांगत. पण संगीताचें व चित्रकलेचें पुस्तक त्यांस पोटच्या पोरासारखें वाटे. अजिंठ्याच्या चित्रांचें पुस्तक पाहावयास एखादा मुलगा आला, तर त्यास हात धुवून यावयास सांगत आणि मग शेजारीं बसून एकेक पान स्वतः उलटीत.

१८८० सालीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. तेव्हांपासूनच्या संगीत नाटकांचीं जीं पुस्तकें आमच्या कपाटांत होतीं, त्यांतील प्रत्येक पदाचा राग व मूळ चाल ते एकेका चिठ्ठीवर टिपून ठेवीत. जेथें मूळ सांपडत नसे तेथें जागा कोरी सोडीत. तर्कानें कधीं भरीत नसत. एकदां हें कपाट हलवून तेथें परीक्षांचीं मार्गदर्शक पुस्तकें मांडावीं, असें ठरत होतें. तेव्हां ते मला एवढेंच म्हणाले, “मास्तर, पुस्तक कोणी नेत नाहीं म्हणून तें निरुपयोगी नव्हे. त्याचा माणूस अजून आलेला नाहीं.” कपाट राहिलें. तंजावर पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. ती मात्र राहून गेली.

ही इच्छा कां होती, तें तेथें गेल्यावर कळतें. व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत तेथें मराठ्यांची गादी होती, आणि या घराण्यास विद्येचा व गायनाचा नाद पिढीजात होता. शहाजी राजांनीं (१६८४-१७१२) तेलुगु व मराठी नाट्यरचना केली. तुळजा राजांनीं ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सरफोजींस तर १७९९ मध्यें राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन करावा लागला व हातीं जवळजवळ किल्लाच उरला. दुसरा एखादा खचला असता. यांनीं नायक राजांच्या वेळेपासूनचा ग्रंथसंग्रह वाढविण्यांत आयुष्य वेंचलें. काशीयात्रेहून पोथ्या आणविल्या, युरोपांतून पुस्तकें मागविलीं; त्यांपैकीं कित्येकांवर त्यांची इंग्रजी सही आजहि दिसते. संस्कृत पोथ्याच सुमारें ३९,००० आहेत, आणि मराठी सुमारें ३,०००. १९१८ पासून हा संग्रह सर्वांस खुला झाला.

पाहण्यासाठीं मांडलेल्या वस्तूंत ताडपत्रें आहेत, गजशास्त्राचीं व अश्वशास्त्राचीं सचित्र पोथ्यापानें आहेत, आणि ल ब्रं या फ्रेंच चित्रकाराचीं, मनुष्याच्या मुखाची पशुपक्ष्यांच्या मुखांशीं तुलना करणारीं चित्रेंहि आहेत. या शेवटच्या चित्रांपुढें मी बराच वेळ उभा होतों. आमचे ग्रंथपाल असते तर तेथून त्यांस हलविणें कठीण गेलें असतें, हा विचार मनांत आला आणि डोळे पाणावले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या चिठ्ठ्यांशीं जुळणारी आहे. महाराष्ट्रांतून तंजावरास गेलेल्या कीर्तनकारांचें कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (१८४७-१९०३) यांनीं तेथील हरिकथेस नवें वळण दिलें, आणि आपली साकी, दिंडी, ओवी व अभंग हीं त्या तमिळ हरिकथेंत जाऊन बसलीं. तंजावरांत ज्यांच्या घरीं अद्याप मराठी बोलतात अशा एका वृद्ध गृहस्थांनीं माझ्या विनंतीवरून एक साकी म्हणून दाखविली. उच्चार तमिळ वळणाचे; पण चाल ऐकतांच माझ्या आजोळच्या ओसरीवरील कीर्तन आठवलें. परत आल्यावर मीं ग्रंथपालांच्या साकीच्या चिठ्ठीवर, त्यांच्या अक्षराखालीं, तंजावरची ही नोंद केली आहे.

राज्य गेलें तरी ग्रंथ राहिले, ते कोणीतरी जपले म्हणून. राजवाडे सर्वांपाशीं नसतात. पण जुन्या घरांतून आजीच्या हातची गाण्यांची वही, काकांनीं उतरून घेतलेलीं पदें, एखादें फाटकें नाटकाचें पुस्तक माळ्यावर पडलेलें असतेंच. दिवाळीच्या साफसफाईंत वाचकांनीं तें रद्दींत घालूं नये. त्यावर कोणाचें, केव्हांचें व कोणत्या चालीचें एवढें लिहून तें जवळच्या ग्रंथालयांत द्यावें. घरांतील वडीलधारी मंडळी आहेत तोंवरच ही माहिती मिळेल. म्हणून हें काम पुढच्या सुट्टीवर टाकूं नये.