लाल पडदा आणि आमची घाई

आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीतील कारकून. त्यामुळे जळकोटच्या आमच्या वस्तीत कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो की निराधारच्या पगाराचा, मंडळी कागद घेऊन आमच्याच घरी येतात. आमच्या संगणकात वीस-पंचवीस कुटुंबांची आधारकार्डे आणि पासबुके साठलेली होती.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अर्ज भरताना एकाएकी पडदा लालभडक झाला, भोंगा वाजू लागला. ‘व्हायरस शिरला आहे, संगणक बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा.’ आम्ही घाबरून फोन केला. पलीकडचा गृहस्थ गोड हिंदीत बोलला. त्याने सांगितलेला प्रोग्राम आम्ही उतरवून घेतला, तोच पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला! मग त्याने चार हजार रुपये मागितले. इतक्यात लेक ओरडली, ‘पप्पा, हा चोर आहे!’ आणि तिने इंटरनेटची वायर उपसली.

पैसे वाचले. पण पाच-सहा मिनिटे परका माणूस लोकांच्या कागदांत होता. रात्रभर झोप लागली नाही. गप्प बसावे, असेही मनात आले. सकाळी मात्र आम्ही घरोघर जाऊन खरे सांगितले. शेजारच्या अक्का म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही शिकलेले फसलात, मग आमचं काय?’

त्याच दिवशी तो प्रोग्राम काढला, संगणक पूर्ण तपासला, दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदलले, सर्वांना आपापल्या बँकेत कळवायला लावले आणि सायबर गुन्ह्यांच्या 1930 या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली.

अक्कांना आमचे उत्तर असे. तो लाल पडदा म्हणजे नुसते इंटरनेटचे पान. असे पान आपल्या संगणकाच्या पोटात शिरून व्हायरस शोधू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट आणि एफ-4 दाबून पान बंद करावे, नाहीतर सरळ संगणक बंद करावा.

खोटी भीती जुनीच आहे. 2002 साली अस्वलाचे चित्र असलेली फाइल व्हायरस म्हणून पुसा, असे ई-मेल जगभर फिरले. ती विंडोजचीच फाइल होती!

म्हणून खरा धोका नाही असे नव्हे. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच मिळत होती, अनेकांनी ती घेतली नव्हती. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून अशाच उपद्रवी सॉफ्टवेअरच्या मदतीने 94 कोटींवर रक्कम गेली. तेव्हा अपडेट टाळू नये, फुकटचे चोरटे सॉफ्टवेअर घालू नये, विंडोजमधला डिफेंडर चालू ठेवावा आणि महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.

आता काम झाले की लोकांचे कागद आम्ही संगणकातून पुसतो. मंडळी अजूनही येतात. त्यांचा विश्वास टिकला, तो आमच्या पदवीमुळे नव्हे. चूक लपवली नाही म्हणून.