जनानी आहे, हाफ तिकीट द्या!

वीकएण्डला लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. मी धुळ्याला गेले. तेही एप्रिलच्या शेवटी! ऑफिसमध्ये सांगितलं तेव्हा टीम लीडने माझ्याकडे काळजीने पाहिलं. पण झालं होतं असं, की पुण्यात नवा फ्लॅट घेतला होता, हॉलचा एक कोपरा रिकामा होता आणि मला आठवला आईचा तंबोरा. इंटिरिअरच्या मासिकांत असतो ना, तस्सा. भिंतीला टेकून उभा, खालून पिवळसर दिवा. विकत कशाला घ्यायचा? आपल्याच घरात आहे की एक!

'आपल्याच घरात' म्हणजे आईच्या माहेरी, धुळ्यात. लग्न होऊन आई जळगावला आली आणि तंबोरा मागे राहिला. "नंतर नेऊ" असं ठरलं होतं म्हणे. ते नंतर काही आलंच नाही. मी झाले, भाऊ झाला, आईची शाळेतली नोकरी सुरू झाली. आई गायची, हे मला माहीत होतं, पण आपले बाबा कॉलेजात क्रिकेट खेळायचे हे जसं माहीत असतं, तसं.

मावशीने माळा दाखवला. वर पत्रे. खान्देशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा अशी कोरडी, की सकाळी वाळत घातलेली चादर नाश्ता होईपर्यंत कडक. मग पावसाळ्यात तीच हवा दमट. लाकूड आटतं, फुगतं, पुन्हा आटतं. पस्तीसेक उन्हाळे असे काढल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं. भोपळ्याला वीतभर तडा, दांडी आणि भोपळा जिथे मिळतात तो सांधा उघडा, घोडी एका बाजूला कललेली आणि एक खुंटी गायब. वर त्या सांध्यावर करड्या रंगाचा एक ओबडधोबड गोळा. मामाची करामत. गळक्या नळाला लावायचं एम-सील त्याने कधीतरी प्रेमाने तंबोऱ्यालाही लावलं होतं.

"जुनं गोधडं देते, त्यात गुंडाळ," मावशी म्हणाली. आणि दुपारी दोन वाजता शेवभाजी खाऊन (धुळ्यात शेवभाजीला नाही म्हणायची पद्धत नाही) मी एसटी स्टँडवर तंबोऱ्यासह हजर.

"हाई काय शे वो ताई?" कंडक्टर.

"तंबोरा."

"याचंबी तिकीट लागी."

आता वाद्यांच्या दुनियेत तंबोऱ्याचे दोन प्रकार असतात. पुरुषी आवाजासाठी मोठा तो मर्दानी आणि बायकांच्या आवाजासाठी लहान तो जनानी. हे ज्ञान मावशीने मला तासाभरापूर्वीच दिलं होतं. आणि एसटीत 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. मी म्हटलं, "जनानी आहे, हाफ द्या!" अख्खी बस हसली. तिकीट लागलं नाही. पारोळा, एरंडोल करत आम्ही दोघी जळगावला पोचलो.

आई दारात उभी होती. तिने गोधडी सोडली, सांध्यावरच्या गोळ्याला बोट लावलं आणि म्हणाली, "भरीत केलंय, हातपाय धू." बस्स, एवढंच.

तर, जळगावात तंबोरा दुरुस्त होतो का? गाव काही बेसूर नाही. बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह इथे आहे, त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. शेजारच्या मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते, त्यामुळे वीणा गळ्यात घालणारे लोक गावोगावी. पेटीचा भाता शिवून मिळतो, मृदंगाला शाई लावून मिळते. पण ज्या दुकानात मी गेले, तिथल्या काकांनी तंबोरा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि खरं तेच सांगितलं. "तारा मी बदलून देईन पोरी. सांधा आणि जवारी मात्र मिरजेला. मी हात लावला तर वाट लावीन." असं स्पष्ट सांगणारा माणूस भेटणं हेच अर्धं काम, असं माझं मत झालंय.

आणि नशीब बघा, गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगावलाही थांबते आणि मिरजेलाही. संध्याकाळी बसायचं, पहाटे पुणं मागे टाकायचं, दुपारच्या जेवणाआधी मिरज. तंबोऱ्याला वरचा बर्थ दिला आणि मी खालचा घेतला. नेण्याआधी तारा सैल करायच्या, पण पूर्ण काढायच्या नाहीत. भोपळ्याखाली उशी. आणि भोपळ्याची बाजू दाराकडे ठेवायची नाही, कारण रात्री चढणारा प्रत्येक जण बॅग तिथेच आपटतो.

मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, दवाखाने आणि वाद्यं. म्हणजे दुरुस्तीचंच गाव म्हणा ना. सतारमेकर गल्ली विचारलीत की कोणीही सांगतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांनी, सतारी-तंबोरे बनवायला सुरुवात केली. शस्त्रांचे दिवस संपत आले होते, हात मात्र कसबी होते. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत पटाईत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे मात्र येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. मुक्ताईची पालखी जिथे जाते तिथूनच! हे मला इतकं आवडलं, की मी लगेच आईला मेसेज केला. उत्तर आलं, "जेवलीस का?"

कारागीर साठीचे. जमिनीवर बसून काम. त्यांनी सगळ्यात आधी एम-सीलवर नख मारलं आणि नुसता सुस्कारा सोडला. मग समजावलं. सांधा सरसाने जोडायचा असतो, जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात त्या सरसाने. सरस गरम पाण्याने, वाफेने सुटतो. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला पुन्हा उघडायचं असेल तर उघडता येतं. आणि हवेने लाकूड ओढलंच, तर आधी सांधा सुटतो, लाकूड फाटत नाही. एम-सील सुटत नाही, मग भोपळाच फुटतो. तो तडा मामाच्या गोळ्यालगतच होता, तेव्हा निकाल स्पष्ट होता.

माझ्या ऑफिसातला एक जण बॅण्डमध्ये डबल बास वाजवतो. माणसाएवढं ते व्हायोलिनचं आजोबा वाद्य. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, आमच्याकडेही हेच, सरसच. त्याच्या वाद्याच्या पोटात एक लाकडी कांडी उभी असते, चिकटवलेली नाही, नुसत्या दाबाने. सगळ्या तारा एकदम सोडल्या तर ती पडते. इटालियन आणि फ्रेंचमध्ये तिला चक्क 'आत्मा' म्हणतात. तंबोऱ्यात तार आणि घोडीच्या मध्ये एक दोरा सरकवतात, त्याला म्हणतात जीवा. दोन टोकांच्या दोन वाद्यांना नेमका जीव कुठे आहे हे असं इवल्याशा वस्तूत सापडावं, गंमत आहे की नाही?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात त्याला किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत, शिवत, थरथरते आणि एका सुरातून सुरांचा झोत निघतो. हा उतार कानसेने घासून घासून काढायचा, म्हणजे जवारी काढणं. केसभर जास्त घासलं तर तार नुसती करकरते, कमी घासलं तर मुकी. मोजपट्टी नाही, फक्त कान.

"पट्टी कुठली?" त्यांनी विचारलं.

"पट्टी?"

"गाणार कोण?"

"कोणी नाही. म्हणजे... हॉलमध्ये ठेवायचाय."

त्यांनी कानस खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. "मग जवारी कशाला? सांधा जोडतो, भोपळा बुजवतो, पॉलिश मारतो. स्वस्तात होईल. शोभेच्या वस्तूला लोक असंच करून नेतात."

खरं तर मला हेच हवं होतं. दहा दिवसांपूर्वी मी अगदी हीच ऑर्डर दिली असती. तरी मी गल्लीत आले आणि आईला फोन लावला. "आई, तुझी पट्टी कुठली?"

"काळी चार," ती पटकन म्हणाली. पिन कोड सांगावा तसं.

मी आत जाऊन सांगितलं, काळी चार. त्यांनी मान हलवली आणि तारांची रिळं पुढे ओढली. मी चहा मागवला. चहा येतो न येतो तोच फोन वाजला.

"ऐक, काळी चार सांगितलंस का?"

"हो."

"नको. पांढरी चार सांग." मग थोडं थांबून, "आत्ता स्वयंपाकघरात म्हणून बघितलं. आता तेवढंच जातंय."

काळी चार ते पांढरी चार म्हणजे पेटीवर तीन पट्ट्या खाली. मला त्यातलं काही कळत नाही, पण आईने दार लावून, कुकरची शिट्टी होऊ न देता, इतक्या वर्षांनी आपला आवाज मोजला होता, एवढं कळलं. कारागिरांनी काहीच विचारलं नाही. काढलेली रिळं परत ठेवली, दुसरी, जरा जाड तारांची घेतली. "बरं झालं आधी सांगितलं. खालच्या पट्टीला पातळ तार ढिली पडते, जवारी बोलत नाही."

"ॲप असतं की आता तंबोऱ्याचं," शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या हसत म्हणाला. खरंच आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी बंगळुरात 1979 मध्येच तयार झाली आणि आता तर फोनवर बोट ठेवलं की कुठलीही पट्टी. रियाजाला उत्तम, मी नाव ठेवणार नाही. पण ते ॲप आईच्या फोनवर मी दोनदा टाकून दिलं होतं, आणि तिने त्यासाठी दार लावलेलं मला आठवत नाही.

पॉलिशचं त्यांनी स्वतःच टाळलं. दांडीवर जिथे हात फिरतो तिथला रंग गेलेला होता, तो तसाच ठेवला. मी बिफोर-आफ्टर फोटोंची स्वप्नं बघत होते, जरा हिरमुसलेच.

पंधरा दिवसांनी पुन्हा तीच गाडी, उलट दिशेने. एक सूचना कारागिरांची. प्रवासानंतर लगेच वाजवू नका, दोन-तीन दिवस घरच्या हवेत राहू द्या, मग तारा चढवा. आईने तीन दिवस त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी खुंट्या घसरू नयेत म्हणून शाळेतल्या डब्यातून खडू आणला.

माझ्या हॉलचा कोपरा अजून रिकामाच आहे. जळगावला मात्र मे महिन्यात नवाच वाद चालू झालाय. कूलरचा ओला झोत तंबोऱ्यावर गेला तर सांधा पुन्हा फुगेल, म्हणून आईने कूलर फिरवून ठेवलाय. त्यामुळे बाबांच्या खुर्चीला वारा लागत नाही. बाबा घामाघूम होऊन पेपर वाचतात, आणि ती लावायला बसली की पेपर खाली ठेवतात.