सेर्पुखोवचं देणं

मॉस्कोच्या दक्षिणेला, ओका आणि नारा या नद्यांच्या परिसरात सेर्पुखोव नावाचा एक तालुका होता. झारशाहीत त्याला ‘उयेज्द’ म्हणत. विस्तारानं तो आपल्या तालुक्याहून मोठाच, पण मला तो तालुकाच वाटतो. कॅथरीन राणीच्या काळात तो आखला गेला आणि १९२९ मध्ये सोविएत सरकारनं मोडीत काढला. मी रशियाला कधी गेलो नाही. तरी सरकारी आरोग्य खात्यातल्या माझ्या नोकरीत जे काही धड झालं, त्यातला मोठा वाटा या तालुक्याचा आहे.

तिथवर मला पोचवलं आमच्या जिल्हा परिषदेतल्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी. लोकवाङ्मय गृहात त्या काळी सोविएत पुस्तकं भाजीच्या भावात मिळायची, आणि सरांच्या घरी त्यांची चळत लागलेली असे. मी नवा वैद्यकीय अधिकारी. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या आरोग्य केंद्राच्या गावांत गॅस्ट्रो आला. सलाईन कमी, गाडी नादुरुस्त, ग्रामसेवक गायब, असं सगळं रडगाणं मी त्यांच्यापुढे गायलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि चेखवचं ‘अंकल वान्या’ हातात ठेवलं. म्हणाले, “नाटक नंतर वाच. आधी तिसऱ्या अंकातला नकाशा बघ.”

त्या अंकात डॉक्टर आस्त्रोव टेबलावर आपल्या तालुक्याचे नकाशे पसरतो. पन्नास वर्षांपूर्वीचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा. पहिल्यात निम्मी जमीन जंगलाची, तळ्यावर हंस, रानात सांबरांसारखी मोठी जनावरं. दुसऱ्यात जंगल तिसऱ्या हिश्शावर आलेलं. तिसऱ्यात हिरवे ठिपके तेवढे उरलेले. जंगल तुटलं आणि त्या जागी रस्ते, कारखाने, शाळा आल्या असत्या, लोक सुधारले असते, तर मी समजू शकलो असतो, असं तो म्हणतो. तसं काही झालं नाही. दलदल तीच, डास तेच, विषमज्वर आणि घटसर्प तेच. समोर बसलेल्या बाईला यात काडीचा रस नाही, हे कळल्यावर तो थांबतो. आरोग्य खात्याच्या आढावा बैठकीत बसलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

पुढे सरांकडूनच कळलं, की या दृश्यामागे खरा तालुका होता आणि खरा माणूसही. प्योत्र कुरकिन हा चेखवचा डॉक्टर मित्र, सेर्पुखोव भागातला साथप्रतिबंधक अधिकारी. आकडे आणि नकाशे यांत रमणारा. १८९९ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरनं नाटक बसवलं, तेव्हा रंगमंचावरचा नकाशा त्यानं काढून दिला.

आणि चेखव स्वतः? तोही डॉक्टरच. १८९२ मध्ये त्यानं याच तालुक्यातल्या मेलिखोवोत जमीन घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात कॉलरा येणार अशी हूल उठली. तालुक्याच्या लोकनियुक्त मंडळानं, म्हणजे झेम्स्त्वोनं, त्याला पंचवीस गावं, चार कारखाने आणि एक मठ नेमून दिला. पगार त्यानं घेतला नाही. छपऱ्या, चुना, औषधं यांसाठी जमीनदारांच्या आणि गिरणीमालकांच्या दारात तो अक्षरशः भीक मागत हिंडला. लेखन बाजूला पडलं. साथ त्याच्या गावांपर्यंत आलीच नाही. न आलेल्या साथीसाठी एवढं राबलेल्या डॉक्टरला सहसा कोणी शाल-श्रीफळ देत नाही. तिथल्या मंडळानं निदान त्याचे आभार मानले. मग तालेझ, नोवोस्योल्की आणि मेलिखोवो इथं त्यानं शाळा बांधवल्या. १८९७ च्या जनगणनेत प्रगणकांवर देखरेख केली, आणि त्याच वर्षी क्षयानं रक्ताची गुळणी आणली.

त्या मंडळाचे फार गोडवे गाऊ नयेत. मतांचं पारडं जमीनदारांकडे झुकलेलं होतं, आणि १८९० च्या कायद्यानं ते आणखी झुकवलं. शेतकऱ्यांच्या झोपड्यांतली घाण आणि दारू चेखवनं १८९७ च्या ‘मुझिक’ कथेत मांडली, तेव्हा सेन्सॉरनं कात्री चालवली. पण एक गोष्ट त्या मंडळांनी पक्की केली: ठरावीक गावांना ठरावीक डॉक्टर, फुकट उपचार, आणि रोगाची नोंद ही उपचाराइतकीच महत्त्वाची. सोविएत व्यवस्थेनं ही पद्धत उचलली. त्या व्यवस्थेवर १९३७ मध्ये पुस्तक लिहिणारे हेन्री सिगरिस्ट १९४४ मध्ये भोर समितीचे सल्लागार म्हणून भारतात आले. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र त्याच समितीच्या १९४६ च्या अहवालातून निघालं. म्हणजे मी ज्या खुर्चीत बसायचो, तिचा एक पाय सेर्पुखोवच्या लाकडाचा.

सरांनी माझ्याकडून माझ्या गावांचे, आस्त्रोवसारखेच, तीन नकाशे करून घेतले. म्हातारी माणसं सापडतील तिथं बसायचो. “आजोबा, तुमच्या लहानपणी पाणी कुठनं आणायचात?” एवढाच प्रश्न. मग झरे, बुजलेल्या विहिरी, पुढे आलेल्या बोअरवेल एकेक करून कागदावर उतरल्या. दरवर्षी गॅस्ट्रोचे रुग्ण ज्या वस्त्यांतून यायचे, त्या सगळ्या एकाच ओढ्याच्या खालच्या अंगाला निघाल्या. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर मात्र पडायची चावडीजवळच्या विहिरीत, कारण तिथं साहेबाला दिसतं. ती हलवायला सरपंचांशी भांडावं लागलं. रोग संपला नाही. पुढच्या पावसाळ्यात सिस्टर कुठल्या वस्तीवर आधी जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं, एवढं झालं.

सर आता नाहीत. सेर्पुखोव हे शहर आहे. तो जुना तालुका उरलेला नाही. मेलिखोवोजवळच्या लोपास्न्या गावाला १९५४ पासून चेखवचं नाव आहे. हे देणं फेडायला समोर कोणी नाही, म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागतो. तुमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर गावांचा नकाशा टांगलेला असेल. त्यावरची तारीख वाचा. ती जुनी निघाली, तर डॉक्टरांना दोष देण्याआधी नवा नकाशा काढायला त्यांच्याबरोबर एक दिवस गावात चला.