ऊब आणि चटका

मराठीत ऊब हा मायेचा शब्द आहे. गोधडीला ऊब असते, आजीच्या कुशीला ऊब असते. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची ऊब मात्र आम्हाला धास्तावते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली आम्हा खानदेशी मंडळींची कितीतरी कुटुंबे सुरतेच्या लिंबायत भागात यंत्रमागांच्या खडखडाटात स्थिरावली. येथे उन्हाळा लागला की हा प्रश्न हटकून निघतो : बॅटरी किती तापलेली चालते?

उत्तर देण्यापूर्वी बॅटरीची जात विचारावी लागते. निदान येथे तरी तो अपराध ठरू नये. विजेरीत वा खेळण्यात घालायचे, पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात. भरताना ते थोडे कोमट राहतातच. सेल भरत आला की आत येणाऱ्या विजेला रसायनात जागा उरत नाही आणि तिची उष्णता होऊ लागते. शेवटी जाणवणारी ही ऊब म्हणजे पोट भरल्याची ढेकर होय. चांगला चार्जर तापमानाची ही चढण, किंवा त्याच वेळी व्होल्टेजमध्ये होणारी किंचित घट ओळखून हात आवरता घेतो. स्वस्तातला चार्जर आग्रहाने वाढतच राहतो. मग ढेकरेचे अजीर्ण होते.

मोबाइलमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची. १९९१ मध्ये ती बाजारात आली. तिला भरण्यासाठी सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली जाते. शून्याची चिंता सुरतेने करण्याचे कारण नाही. पंचेचाळिसाची खूण मात्र निसर्गाने आपल्या हातातच ठेवली आहे : माणसाच्या त्वचेला साधारण ४३ ते ४५ अंशांच्या सुमारास उष्णता दुखू लागते. मुठीत निवांत धरवते तोवर ती ऊब. हात आपसूक मागे आला की तो चटका, आणि तत्क्षणी पिन काढावी. मोबाइलचे कव्हर हाताला थोडे फसवते, हेही लक्षात असू द्यावे. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ऊब तपासत बसू नये; तिचा वापरच थांबवावा.

खरी अडचण पुढेच आहे. समजा, भरताना बॅटरी दहा अंशांनी तापते. जानेवारीच्या पहाटे खोलीत २० अंश असतील, तर ती तिशीवर थांबेल. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतील, तर तीच बॅटरी, त्याच चार्जरवर, पन्नाशी गाठेल. दोष ना बॅटरीचा, ना चार्जरचा; तो छपराचा आहे.

आणि त्याच छपराखाली, त्याच दुपारी, रात्रपाळीचा कारागीर झोपलेला असतो. बारा तास मागावर उभे राहून तो सकाळी परततो, मोबाइल चार्जिंगला लावतो आणि उशीखाली सारतो. गावाकडच्या आईचा आवाज त्यातच, मुकादमाचा निरोप त्यातच, पगाराचा हिशेबही त्यातच. तो नजरेआड कसा ठेवावा? पण उशी आणि गोधडी उष्णतेला बाहेर पडू देत नाहीत. अंथरुणापासून दूर, उघड्या फरशीवर, कव्हर काढून ठेवावा. जमल्यास आल्याआल्या, ऊन चढण्यापूर्वीच भरून घ्यावा. एवढ्या साध्या पथ्याने बॅटरीचे आयुष्य वाढते आणि एखाद्या दाट चाळीवरचे आगीचे संकटही टळू शकते.

आजचे मोबाइल फार तापले की स्वतःच भरणे मंद करतात किंवा थांबवतात. आपण चार्जरला बोल लावतो. वस्तुतः यंत्र आपली मर्यादा ओळखून विसावलेले असते. शेजारी घामाने भिजून कूस बदलणाऱ्या माणसाला ही सोय नाही. त्याची झोप अर्धीमुर्धी भरली तरी संध्याकाळी त्याला मागावर उभे राहावेच लागते. बॅटरी किती तापावी याचे अंश ठरलेले आहेत. त्या खोलीचे अंश कुणी ठरवायचे, हे आम्ही अद्याप कुणाला विचारलेले नाही.