नाव न छापलेली माणसे

माझी आजी केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. छापखान्यात खिळे जुळवायला बसवलेल्या मुलींमधली ती एक. वय असेल बारा-तेरा. शिशाचे खिळे, खणाखणांची लाकडी पेटी आणि समोर पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचा कागद. उलट्या अक्षरांची सवय बोटांत आणि डोळ्यांत इतकी मुरली होती की, पुढे खोडदच्या घरात आम्ही पोरे वर्तमानपत्र आरशासमोर धरायचो आणि ती आरशातली ओळ न अडखळता वाचून दाखवायची.

रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईलाही कळले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, ज्यांच्या व्याख्यानांना अमेरिकेत सभागृहे भरली, त्या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे दौंडजवळच्या माळरानावर शब्दकोशांत डोके घालून काढली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडले. त्यांनी उभारलेल्या सदनांची नावे शारदा, कृपा, प्रीती, मुक्ती. संस्थेच्या नावात त्यांचे नाव आले ते पुढच्यांनी जोडले म्हणून. मग खिळे जुळवणाऱ्या मुलींची नावे कोण छापणार?

मी एकदा आजीला विचारलेच. “एवढं मोठं पुस्तक छापलंस, त्यात तुझं नाव कुठाय?” ती म्हणाली, “ज्याला ठाऊक पाहिजे, त्याला ठाऊक आहे.” आणि काटवटीतले पीठ मळायला लागली.

तेव्हा हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले होते. आता कळते की ती अक्षरशः खरे सांगत होती. तिला आईबाप आठवत नव्हते, गाव माहीत नव्हते, जन्माची तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. जगाच्या हिशेबात ती कुणाचीच नव्हती. तिचे नाव पहिल्यांदा शाईने लिहिले गेले ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. तू देवाची लेक आहेस, असे तिला कुणीतरी सांगितले आणि तिने ते मनापासून खरे मानले. तिथून पुढे तिला दुसऱ्या कुणाचा शिक्का लागला नाही. मास्तरांची बायको म्हणून ती खोडदला आली, चार म्हशी सांभाळल्या, सहा बाळंतपणे काढली. गावात कुणाच्या घरी आजारपण असले की न बोलावता जाऊन बसायची. त्या घरचे लोक तिला काय म्हणतात, मान देतात की ओसरीवरूनच परत पाठवतात, यावर तिचे येणे-जाणे ठरत नसे.

यावर कुणी म्हणेल की, गरिबाला गप्प बसवायला धर्म बरा पडतो. मला हे पटत नाही. रमाबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. सनातन्यांशी भांडल्या आणि स्वतःच्या मिशनरी गुरूंशीही भांडल्या. ना. वा. टिळकांचेही तेच. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस-एक वर्षे राहिला, आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसला. तेव्हा त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधले टिळक आमच्या घरी कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचले जात. पगार सोडणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार कसा होतो, यावर आजी आणि आजोबांचे कधीच एकमत झाले नाही. पण माणसाची किंमत पगाराच्या चिठ्ठीवर नसते, यावर दोघांचे एकमत होते. ज्याला आपली किंमत ठाऊक असते त्यालाच ठामपणे भांडता येते, हे मी त्या घरात शिकलो.

आमची मंडळी लहान. रविवारच्या उपासनेला पेटी, तबला आणि झांजा. पाळकसाहेब सायकलवरून यायचे, दारात प्रत्येकाला हात जोडून ‘सलाम’ करायचे. अर्पणाची पिशवी मला आजही डोळ्यांपुढे दिसते: लाकडी दांड्याला लावलेली लाल मखमलीची पिशवी, इतकी खोल की हात मनगटापर्यंत आत जायचा. मूठ मिटून हात आत घालायचा, आत उघडायची, रिकामा हात बाहेर काढायचा. चार आणे टाकले की दहा रुपये, हे शेजारच्याला कळायची सोय नव्हती. ज्याच्याकडे काहीच नसे तोही मूठ मिटूनच हात घाली. एका पिशवीच्या खोलीने कितीतरी जणांची लाज राखली.

हंगामाच्या सणाला बाजरीची कणसे, कांदे, शेंगा, कोंबड्या असे सगळे वेदीपुढे यायचे आणि उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव व्हायचा. एका वर्षी आजोबांनी एक साधा भोपळा बोली वाढवत वाढवत चार रुपयांना घेतला. आजी घरी येईपर्यंत बोलली नाही. मास्तरांच्या पगारात चार रुपये म्हणजे थोडे नव्हते. वाटेत आजोबांनी तो भोपळा एका विधवेच्या ओट्यावर ठेवला, दाराची कडी वाजवली आणि चालू लागले. दार उघडायच्या आत आम्ही कोपऱ्यावर होतो.

मग खोडदचे नाव जगभर झाले. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकायला माणसांच्या रेडिओ लहरींचा गोंधळ कमी असलेली जागा हवी, म्हणून प्रा. गोविंद स्वरूप यांनी रेडिओ दुर्बिणीसाठी आमचा भाग निवडला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. तारांच्या जाळीच्या असल्यामुळे वारा त्यांच्यातून निघून जातो. 2002 पासून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्यांच्यावर काम करतात. आम्हाला अभिमान आहे. आसपास उद्योगधंद्यांवर बंधने आली म्हणून तरुणांची तक्रार आहे, तीही खरी आहे. दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. लांबून आलेले क्षीण काही ऐकायचे तर आपला गलबला थांबवावा लागतो, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही समजते.

आवाराबाहेर मात्र गलबला वाढतच गेला. नारायणगावच्या चौकात भावी आमदारांचे आणि वाढदिवसांचे फलक असतात, त्याचे मला काही वाटत नाही; तो त्यांचा मार्ग. मला लागते ते हे, की त्याच रांगेत आता आमचेही फलक दिसतात. ‘चंगाई महोत्सव’ म्हणून मोठी अक्षरे, प्रवचनकाराचा पुरुषभर उंच चेहरा, नावापुढे दोन ओळींची बिरुदे, आणि खाली कोपऱ्यात कुठेतरी येशू. ज्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या नावाने हे चालते. साक्ष देणे म्हणजे पूर्वी देवाने काय केले ते सांगणे होते. आता साक्षीत नवी गाडी येते, मुलाचा व्हिसा येतो, प्लॉट येतो. ज्याचा व्हिसा नाकारला गेला तो मागच्या बाकावर बसून काय समजेल? देव आपल्यावर रुसला, असेच ना? मखमलीच्या पिशवीच्या जागी दारात क्यूआर कोड आहे. सोयीचा आहे, मीही वापरतो. पण महिन्याअखेरीस मंडळीच्या ग्रुपवर देणाऱ्यांची यादी येते, रकमेसकट, मोठी रक्कम सगळ्यात वर.

जुने सगळे सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. मिशनच्या आवारात गोऱ्या साहेबांपुढे आमची माणसे उभी राहत, खुर्ची मिळत नसे. जातीची भिंत मंडळीतही पुरती पडली नव्हती. आणि कोरोनाच्या टाळेबंदीत याच मोबाइलवर आम्ही प्रार्थनेला जमलो, हेही विसरता येत नाही. तरीही काहीतरी मोलाचे हातचे सुटले आहे, आणि ते काय सुटले हे मला दोन वर्षांपूर्वी भाचीमुळे दिसले.

ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती. एके दिवशी कंपनीने शे-दीडशे जणांबरोबर तिलाही काढले. खोडदला आली ती खोलीबाहेर पडेना. “मामा, मी आता कोण म्हणून सांगू रे?” असे तिने विचारले, तेव्हा मला बोलता येईना. वर्षानुवर्षे रोज रात्री ती आपले यश लिहून टाकत होती: नवी बढती, नवे प्रमाणपत्र, व्यासपीठावरचा फोटो. लिहायला काही उरले नाही तेव्हा आपणही उरलो नाही, असे तिला वाटू लागले होते. हुशार, कष्टाळू मुलगी. तिला कुणी वाईट शिकवले नव्हते. आम्ही घरच्यांनीच तिच्या प्रत्येक यशाला टाळ्या वाजवल्या, आणि यशाशिवायची तीही आम्हाला तेवढीच हवी आहे, हे सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या रविवारी तिला उपासनेला नेले. दारात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. डोळ्यांना कमी दिसते, भाचीला त्यांनी लहानपणी खेळवलेले. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाल्या, “आली का माझी बाय! रोज नाव घेते तुझं प्रार्थनेत.” काय करतेस, किती मिळते, काही विचारले नाही. भाची तिथेच दारात रडली. पुढे पाच महिन्यांनी तिला दुसरी नोकरी लागली, पगार पहिल्यापेक्षा कमी. तिने ते कुठेही लिहून टाकले नाही. त्या बाईंना मात्र खोडदला येऊन सांगून गेली.

या वर्षीच्या हंगामाच्या सणाला देणगीदारांच्या फोटोंचा फलक लावावा, असा ठराव समितीपुढे आला आहे. मांडणारे चांगले लोक आहेत. त्याने देणारे वाढतील आणि छताचे पत्रे बदलता येतील, असे त्यांचे म्हणणे. पत्रे खरोखर गळतात. मी विरोधात बोलणार आहे, आणि पत्र्यांसाठी घरोघर फिरायला तयार आहे असेही सांगणार आहे. भाची म्हणते, तीही माझ्याबरोबर फिरेल. बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे.