वैशाखात श्रावणाचं दार

सुरतेत दार बनवायचं तर वैशाखात श्रावणाचा विचार करावा लागतो. रंधा चालवताना लाकूड कोरडं खडखडीत असतं. सांधे घट्ट बसतात, कडा चौकटीला नेमक्या भिडतात, आणि हे असंच राहणार असं वाटतं. मग जुलैत खंबातच्या आखाताकडून ओला वारा येतो, लाकूड फुगतं आणि तेच दार खांदा लावल्याशिवाय उघडेनासं होतं. घरातल्या दाराची सगळी विद्या या दोन ऋतूंमधल्या चार-दोन मिलिमीटरांत आहे.

सागाची फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही. बदलते ती रुंदीत. लाकडातली ओल 5 टक्क्यांनी वाढली, तर 16 इंच रुंद फळी, ती कशी चिरली आहे त्यानुसार, 2 ते 4 मिलिमीटर रुंदावते. खिळे ठोकून किंवा गोंद लावून तिला अडवलं तर ती वाकते, नाहीतर फाटते. म्हणून जुन्या सुतारांनी दाराचे दोन भाग केले. उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा दाराचं माप राखतो, कारण त्यातल्या पट्ट्या अरुंद असतात. आणि रुंद पॅनल त्या सांगाड्याच्या खाचेत नुसतं उभं असतं, गोंदाशिवाय. खाचेच्या तळाशी दोन्ही बाजूंना 2-3 मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. पावसाळ्यात पॅनल त्या जागेत पसरतं, हिवाळ्यात मागे येतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

डिंडोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये मी घरातली दारं बनवतो. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, अडीच फूट रुंदी, 35 मिलिमीटर जाडी. उभ्या पट्ट्या 4 इंचांच्या, खालची आडवी पट्टी 8 इंचांची. कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली, दुसऱ्या पट्टीच्या भोकात बसणारी जीभ, पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतो. 8 इंचांच्या पट्टीला मात्र एकच रुंद कुसू काढत नाही. मध्ये अंतर सोडून दोन काढतो, कारण रुंद कुसूही आकसतं आणि सांधा ढिला होतो. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून गोंद लावायचा तो ताज्या रंधलेल्या पृष्ठावर, त्याच दिवशी. शिवाय सागात वाळूसारखी सिलिका असते. पटाशीची धार ती लवकर खाते. धार लावायचा दगड ओट्यावर कायम ओला असतो.

जोडणीच्या वेळी दोन गोष्टी बघतो. दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे; ते सारखे आले की कोपरे काटकोनात आहेत. आणि दोन सरळ पट्ट्या दाराच्या वरच्या व खालच्या टोकाला आडव्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. त्यांच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर दाराला पीळ आहे. कोपरा थोडा चुकला तर रंध्याने निभावता येतो. पीळ पडलेलं दार एका कोपऱ्यात चौकटीपासून सुटूनच राहतं.

पॉलिशही जोडणीच्या आधी, निदान पॅनलला. सांगाड्यात बसवल्यावर पॉलिश केलं, तर जानेवारीत पॅनल आकसतं आणि कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. दाराची खालची कडही विसरायची नाही. ती कुणाला दिसत नाही, पण रोज फरशी पुसताना पाणी तिथूनच उभ्या पट्ट्यांच्या टोकांत चढतं.

सुरतेचं आणि सागाचं नातं जुनं आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीचे कारागीर. 1736 मध्ये ते मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्याने तिथली गोदी नावारूपाला आणली. त्या घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेलं, 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. डांगच्या जंगलांचा पट्टा इंग्रजांनी 1842 मध्ये भिल्ल राजांकडून घेतला, तो सागासाठीच. बिलिमोरा-वघई ही नॅरोगेज रेल्वे गायकवाडांच्या काळात, 1913 मध्ये सुरू झाली, आणि याच जंगलातलं लाकूड तिने वर्षानुवर्षं वाहिलं. आज बाजारात घानासारख्या देशांतून आलेला सागही मिळतो. मी शक्यतो जुन्या शहरातल्या पाडलेल्या घरांच्या तुळया घेतो. त्यांत खिळे असतात, ते शोधून काढावे लागतात. पण कितीतरी पावसाळे पचवलेलं ते लाकूड आता फारसं वेडंवाकडं होत नाही.

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर तळमजल्यांवरची किती तरी फ्लश डोअर थर सुटून पुस्तकासारखी उलगडली होती. ती रस्त्यावर टाकावी लागली. ओळखीच्या एका घरातली सागवानी पॅनलची दारं मात्र सावलीत उभी करून वाळवली आणि पुन्हा त्याच बिजागऱ्यांवर चढवली. फ्लश डोअर स्वस्त असतं, लवकर बसतं, कोरड्या खोलीत चांगलं टिकतं. ज्याला ते परवडतं त्याने ते जरूर लावावं. पण पुराने भिजलेलं दार वाळवून परत लावता येतं, ते त्याच्या आत हालचालीला जागा असते म्हणून, हे मी त्या वर्षी पाहिलं.

ज्याला स्वतःचं दार बनवायचं आहे त्याने हत्यारांच्या आधी लाकूड आणावं. घराच्या आतच, भिंतीपासून सुटं, फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून रचावं आणि एक पावसाळा धरून वर्षभर तसंच राहू द्यावं. या काळात जी फळी वाकायची ती वाकते. ती बाजूला काढून छोट्या कामाला वापरावी. जी सरळ राहिली तिच्यातून उभ्या पट्ट्या काढाव्यात, कारण दाराचा सगळा भार त्यांच्यावरच येतो. मापं घेणं, कुसू काढणं हे हात वापरत गेलं की येतं. लाकडाला मात्र आपल्या घराची हवा ओळखायला एक वर्ष लागतं, आणि ते वर्ष कोणत्याही यंत्राने वाचवता येत नाही.